चार फुटांवरची खाच

आमच्या दाराच्या मागे एक काठी उभी असते. पोफळीच्या खोडाची, चिरून, तासून, काचेनं घासून गुळगुळीत केलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. दिवाळीच्या साफसफाईत बायको दर वर्षी विचारते, "ही टाकायची का?" आणि मी दर वर्षी तिच्यावर उगाच खेकसतो. तिला वाटतं, माझं डोकं हल्ली लवकर तापतं. तापतंही, पण काठीचं कारण वेगळं आहे. ते सांगायचं तर माझी अब्रू राहत नाही, म्हणून आजवर टाळलं.

काठी दादांची. दादा म्हणजे माझे सख्खे कोणी नव्हेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना होता, तिथं आम्ही दोघं बॉयलरवर होतो. ते केळव्याचे, मी कुंभवलीचा. वयानं माझ्याहून चौदा वर्षं मोठे. बुटके, सावळे, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. बॉयलर हाउसात सगळे बोंबलून बोलतात, कारण दुसरा इलाजच नसतो. दादा मात्र देवळात बोलावं तसे हळू बोलायचे. ऐकायचं असेल त्यानं कान त्यांच्या तोंडाशी न्यायचा. नवीन माणूस आठ दिवस वैतागायचा, मग आपोआप त्यांच्याजवळ सरकायचा.

रोज केळव्याहून माहीम, पालघर करत स्कूटरवर यायचे. आले की कोणाशी एक अक्षर नाही. आधी बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच बघायची, कॉक उघडून फुर्रकन वाफ सोडायची, काचेत पाणी परत नीट चढतंय का पाहायचं. मग जाणाऱ्या माणसाकडे वळून, "चार्ज दिला?"

आपण म्हणायचं, "दिला."

"घेतला," असं म्हणून सही करायचे आणि मगच हसायचे. सही होईपर्यंत तुमची बायको बाळंत झाली असली तरी ते तुम्हाला पेढा मागणार नाहीत. बॉयलरवर असाच नियम आहे म्हणा. पुढचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्यानं जागा सोडायची नसते. पण बाकीचे तो नियम पाळायचे आणि दादा तो जगायचे.

आता त्यांचं खूळ. दादांना गर्दीचा नाद होता. गर्दीत जायचा नव्हे, गर्दी ओळखायचा.

"गर्दी म्हणजे पाणीच रे," ते बोलायचे. "आमी केळव्याचे. समुद्राचं पाणी न मुंबयचा माणूस, दोन्ही आमच्या दारात येतं न जातं. कधी येतं, कधी जातं ते कळलं की झालं."

त्यांच्या भावानं वाडीत नारळी-पोफळीखाली खोल्या बांधून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. दादा लहानपणापासून रविवारी बांधावर बसून गाड्या बघत आलेले. त्यावरून त्यांनी सिद्धांत काढला होता. समुद्राला अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि मधल्या अष्टमीला पाणी मंद पडतं, त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. तसंच माणसांचं. दिवाळीच्या सुट्टीत पाडव्याला भरती लागते, भाऊबीजेनंतर उधाण, ते थेट शाळा उघडेपर्यंत. त्या सगळ्या सुट्टीत भांगाचा दिवस एकच, लक्ष्मीपूजनाचा. सगळं जग घरी. बायका फराळाला, पुरुष माळा टांगायला.

मी एकदा म्हटलं, "दादा, लक्ष्मीपूजन तर अमावास्येला असतं. तेव्हा समुद्राला उधाण, मग माणसांना भांग कसा?"

ते असे खूश झाले की काय सांगू. बहुतेक हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून वर्षानुवर्षं थांबले होते. माझ्या कानाशी येऊन बोलले, "अमावास्येला समुद्र बाहेर पडतो, माणूस घरात बसतो. म्हणून तर आपुन जायचं."

आपण जायचं म्हणजे पार्कात. मुंबईच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी ते मोठं पार्क झालं तेव्हापासून आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात पोरांनी तोच एक धोशा लावला होता. पाळणे, घसरगुंड्या, पाण्यातली वादळं. लोक हौसेनं दिवाळीच्या सुट्टीत जायचे आणि रांगेत उभे राहून, उन्हात पोळून, पोरांना चार रपाटे घालून परत यायचे. आमचे एक साहेब भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सहकुटुंब गेले. दिवसभरात दोन पाळण्यांत बसले आणि बायकोशी तीन दिवस अबोला. पुढल्या वर्षी त्यांनी गुपचूप दादांकडे शिपाई पाठवला.

कारण दादा तक्ता काढून द्यायचे. बॉयलरच्या वाफेची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात एक गोल कागद फिरतो, चोवीस तासांचा. वापरलेल्या त्या गोल कागदाच्या मागच्या बाजूला दादा सहलीचा बेत लिहायचे. मध्यभागी घर, कडेनं तास. चारला बोईसर सोडा. चिल्हार फाट्याला चहा पिऊ नका, तिथं बसलात की उठत नाही तुमी. घोडबंदर उजाडायच्या आत पार. गेटावर पहिल्या दहांत. आत गेल्यावर सगळे उजवीकडे धावतात, तुम्ही डावीकडे जा. जेवण साडेअकराला, भूक नसली तरी. खात्यातली बिहारी पोरं त्यांना 'मौसमवाले चाचा' म्हणायचे. "चाचा, इस साल कब जाएँ?" असं विचारत यायचे, आणि दादा त्यांनाही तितकाच मन लावून तक्ता काढून द्यायचे.

हे सगळं त्यांना ठाऊक कसं? तर पार्काच्या गेटाबाहेर एक उसाचा रसवाला होता. त्याचा नंबर यांनी कुठूनसा मिळवला होता. आठवड्यातून दोनदा फोन. "भाऊ, आज उसाचे भारे किती लागले?" एवढंच विचारायचे. तो सांगायचा, हे डायरीत टिपायचे. पाच वर्षं हे चाललं होतं. आणि एवढं करून दादा स्वतः त्या पार्कात एकदाही गेलेले नव्हते.

त्यांचं लग्न उशिरा झालं आणि मुलगी त्याहून उशिरा. ती चार-पाच वर्षांची असताना कोणीतरी पार्कातले फोटो दाखवले. त्यात एक छोटं तळं होतं आणि तळ्यात पांढरे हंस, पोरांनी आत बसायचे. पाण्यात गोल फिरतात, माना हलवतात. पोरीनं तो हंस धरला तो धरलाच. मोठे पाळणे नको, घसरगुंडी नको, हंस. पण तिथं प्रत्येक खेळाला उंचीचा नियम. मोठ्या पाळण्यांना इतक्या उंचीच्या खाली प्रवेश नाही, आणि हंसाला उलटं, चार फुटांच्या वर प्रवेश नाही. हंस नाजूक, बसणारं पोर लहानच पाहिजे.

म्हणून दादांनी ती काठी केली. एका अंगाला खाचा, एकेक खेळाच्या उंचीची एकेक. चार फुटांवर हंसाची खाच, तिच्याशेजारी तापल्या तारेनं डागून काढलेला छोटा हंस. तो बदकासारखा दिसायचा, पण ते आम्ही बोललो नाही. काठी बॉयलर हाउसात पाण्याच्या पंपामागे उभी असायची. कोणी पोरं घेऊन तक्ता मागायला आला की दादा पोरांना काठीशी उभं करून मोजायचे आणि सांगायचे, हा इथं बसेल, ही तिथं नाय बसणार, घरीच समजावून न्या, गेटावर रडारड नको.

काठीच्या दुसऱ्या अंगाला त्यांच्या मुलीची उंची होती. दर दसऱ्याला पेन्सिलीची एक रेघ.

मोजमापाच्या बाबतीत माणूस कसा होता ते सांगतो. एकदा तपासणीला मोठा साहेब येणार होता आणि आदल्या पाळीत पाण्याची चाचणी घ्यायची राहून गेली होती. आमच्या साहेबांनी सांगितलं, कालचाच आकडा लिहा. दादांनी त्या रकान्यात लिहिलं, 'घेतली नाही', आणि खाली सही केली. साहेब लाल झाले. दादा त्यांच्या कानाशी जाऊन बोलले, "साहेब, काच खोटं बोलत नाय. आपुन का बोलायचं?" त्या वर्षी त्यांची बढती राहिली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, निदान आम्हाला तरी दिसलं नाही.

आता माझ्याकडे येतो.

बॉयलरवर आम्ही तिघं होतो. तिसरा दर दिवाळीला पंधरा दिवस लातूरकडे गावी जायचा. उरलो मी आणि दादा. आमच्यातल्या एकानं सुट्टी घेतली तर दुसऱ्यानं लागोपाठ दोन पाळ्या ओढायच्या. म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस दोघांपैकी एकालाच. आणि दादांना जायचं तर तोच दिवस हवा होता. मी सांगून पाहिलं होतं, "दादा, दुसऱ्या दिवशी जा ना, होईल थोडी गर्दी." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "उधाणात होडी घालायची नाय." मे महिन्यात बॉयलरची तपासणी असायची, तेव्हा ते हलायचे नाहीत. पावसाळ्यात हंस बंद. असा हा हट्टी माणूस, वर्षातला एक दिवस धरून बसलेला.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी तो दिवस त्यांचा होता. तेव्हा माझ्या नव्या घराची वास्तुशांत निघाली, मी मागितला, त्यांनी दिला. सहाव्या वर्षी पुन्हा त्यांचा होता, गाडीसुद्धा ठरली होती, तर धनत्रयोदशीला मला मलेरियानं आडवं पाडलं. त्यात माझा दोष नाही. वास्तुशांतीचाही एक वेळ धरू नका. पण सातव्या वर्षीचं काय?

त्या वर्षी दसऱ्याला नेहमीसारखी यंत्रांची पूजा होती. बॉयलरला झेंडूचं तोरण, कोळशाच्या फावड्यालाही हळदकुंकू. घरची मंडळी त्या एका दिवशी आत यायची. दादांची मुलगी पिवळा झगा घालून आली होती. पूजा झाल्याबरोबर ती आपणहून काठीशी जाऊन उभी राहिली, टाचा टेकून, हनुवटी सरळ, श्वास रोखून. दादांनी डोक्यावर वही आडवी धरली आणि रेघ मारली. मग काठी फिरवून चार फुटांची खाच बघितली. रेघ आणि खाच यांच्यामध्ये त्यांनी आपलं बोट आडवं ठेवलं. बरोब्बर बसलं. एक बोट बाकी.

मी दोन हातांवर होतो, फोडायचा नारळ हातात घेऊन. मी ते बोट पाहिलं. पोर वर्षाला तीन-चार बोटं वाढतं, हे कळायला मी काही अडाणी नव्हतो, मला स्वतःला पाच वर्षांची मुलगी होती. म्हणजे यंदा गेली तर गेली, नाही तर त्या हंसात ती जन्मात बसणार नव्हती. हे सगळं मला तिथंच, त्या क्षणी कळलं. दादांनी मान वर केली आणि मी घाईघाईनं नारळाच्या शेंड्या काढायला लागलो.

आणि दुपारी, बायका-पोरं घरी गेल्यावर, मी दादांना म्हटलं, "दादा, यंदा लक्ष्मीपूजनाचा दिवस मला मिळंल काय?"

कारण काय, तर माझा मेहुणा. नाशिकला असतो, नवी गाडी घेतली होती, पोरांना घेऊन येणार होता. मी फोनवर फुशारकी मारून बसलो होतो की गर्दी नसेल असा दिवस धरून नेतो तुम्हाला, आमच्याकडे त्याचं शास्त्र आहे. बायकोच्या माहेरच्यांपुढे शब्द खाली पडू नये, एवढंच. दुसरं काही नाही. लिहितानासुद्धा लाज वाटते.

दादा पाण्याच्या काचेकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग हळूच बोलले, "शब्द दिलायस?"

"दिलाय."

"बरं. तक्ता काढून देतो."

मी चक्क खूश झालो. हलकं वाटलं मला. माणूस किती हलका असू शकतो पाहा.

आम्ही गेलो. तक्त्यात लिहिल्याप्रमाणे एकेक गोष्ट घडत गेली. घोडबंदर रिकामं, गेटावर आमच्या पुढे दोनच गाड्या. तक्त्यात पहिलीच ओळ होती, 'आधी हंस, बाकी मागून.' माझी मुलगी हंसात बसली. सकाळच्या उन्हात पांढरंशुभ्र तळं, ती एकटीच हंसात, आणि गर्दी नाही म्हणून त्या माणसानं तिला एकावर एक तीन फेऱ्या दिल्या. मेहुणा म्हणाला, "भावोजी, प्लॅनिंग मानलं तुमचं." मी दादांचं नाव घेतलं नाही. नुसता हसलो.

बाहेर पडताना रस प्यायला थांबलो. रसवाल्यानं माझ्या खिशातून डोकावणारा गोल कागद बघितला. सकाळपासून तसलाच कागद घेतलेली आणखी दोन कुटुंबं त्याच्याकडे थांबून गेली होती. "म्हणजे तुम्हीच का बोईसरचे साहेब?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, त्यांचा मित्र. "ते कुठं आहेत? नवरात्रात बोलले होते, या वर्षी मुलीला घेऊन नक्की येतो." त्यानं माझ्याकडून रसाचे पैसे घेतले नाहीत. साहेबांच्या माणसाकडून कसे घ्यायचे, म्हणाला. तो रस मला गोड लागला नाही, पण प्यायलो.

दुसऱ्या दिवशी चार्ज घ्यायला गेलो. दोन पाळ्या काढून दादांचे डोळे लाल झाले होते. सही झाली आणि मग त्यांनी चौकशी सुरू केली. हंस केवढा आहे, पाणी पायाला लागतं काय, मान नुसती पुढं हलते की बाजूलाही. मी फोनवरचा फोटो दाखवला. तो त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला. मग बोलले, "पोरीला सांगायला बरं. पुढच्या वर्षी तिला सगळं माहीत पायजे." पुढच्या वर्षी, असं ते बोलले.

पुढच्या वर्षी मी उदार झालो. दसऱ्याच्या आधीच सांगून टाकलं, "दादा, यंदा आभाळ पडलं तरी दिवस तुमचा." ते गेले, बायको-मुलीला घेऊन. परत आल्यावर सगळे गोळा झालो. कसं झालं, कसं झालं?

"मोजणीत चूक झाली," दादा बोलले. "काठीवर बसत होती. तिथल्या खांबाला लावली तर तीन बोटं वर. काठीच चुकलीय माझी."

मग असा हशा पिकला की वाफेचा आवाज ऐकू येईना. दादांची मोजणी चुकली. 'काच खोटं बोलत नाय' म्हणणाऱ्याची. "चाचा का फीता फेल हो गया," पोरं म्हणायला लागली. पुढं ते कारखान्यात म्हणीसारखं रुजलं. कोणाचा पाइप आखूड निघाला की, "दादांच्या काठीनं मोजलास काय?" ही म्हण पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली? माझ्या. दादाही हसायचे. पण हळूहळू लोकांनी तक्ते मागणं सोडलं, कारण ज्याची काठी चुकते त्याच्या तक्त्याचा काय भरवसा. पुढे मोबाइलवरच सगळं दिसायला लागलं. रसवाल्याला फोन करणंही बंद झालं असावं, मला कधी ऐकू आला नाही.

मला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. काठीच चुकली होती म्हणजे माझ्या त्या वर्षीच्या मागणीनं काही बिघडलं नव्हतं. तिची खरी उंची देव जाणे, कदाचित आदल्या वर्षीही ती बसली नसती. असा हिशेब करून मी दहा वर्षं सुखानं झोपलो.

दादा निवृत्त झाले त्या दिवशी शेवटचा चार्ज त्यांनी मला दिला. सत्काराची शाल काखेत, आणि हातात ती काठी. "ही तुझ्याकडं ठेव. माझ्या घरात आता कोण मोजायचं हाय?" मी हसत हसत घेतली. "चुकीची काठी गळ्यात मारताय काय दादा?" म्हटलं. तेही हसले.

त्या दिवाळीत मी घरी ती पुसायला काढली. लाकूड सुकून पांढुरकं पडलं होतं, म्हणून खोबरेल चोळलं. पोफळीचं लाकूड तेल पितं, काळंभोर होतं. खाचांची बाजू सगळी काळी झाली, आणि हंसाच्या खाचेच्या खाली, चार बोटांवर, एक पांढरी रेघ तशीच राहिली. मी नखानं खरवडलं. लांबी होती. रंगारी भिंतीच्या चिरा बुजवतात ती. तिच्या आत एक जुनी खाच होती, नीट बुजवून, वरून लाकडाचा रंग दिलेली. शेजारचा डागलेला हंस तासून काढलेला. मी टेप आणला. बुजवलेली खाच होती बरोब्बर चार फुटांवर. काठी कधीच चुकलेली नव्हती.

मग मी काठी फिरवून तेल न लागलेल्या बाजूच्या पेन्सिलीच्या रेघा बघितल्या. सातव्या वर्षीची रेघ खऱ्या खाचेच्या एक बोट खाली. आठव्या वर्षीची तिच्या तीन बोटं वर, आणि नव्या, खोट्या खाचेच्या एक बोट खाली. पोरगी त्या दसऱ्याला पुन्हा काठीशी उभी राहिली असणार, श्वास रोखून. आणि वडिलांनी बोट आडवं ठेवून दाखवलं असणार, बघ, अजून एक बोट बाकी हाय. लहान पोर ते, डागलेला हंस कुठं होता आणि कुठं गेला, तिच्या काय लक्षात येणार?

का केलं असेल, हे समजायला मला फार वेळ लागला नाही. पोर विचारणार होती, बाबा, गेल्या वर्षी मी बसत होते, मग गेलो का नाही? त्याला उत्तर एकच होतं, आणि त्या उत्तरात माझं नाव होतं. त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं, मुलगी मला काका म्हणायची. मग त्या माणसानं, ज्यानं बढती घालवली पण खोटा आकडा लिहिला नाही, त्यानं एकदाच आयुष्यात मोजमाप खोटं केलं आणि दोष काठीवर घेतला. काठीच चुकीची म्हटल्यावर गेल्या वर्षीही आपण बसलो नसतोच, असं पोर समजली. आणि मी त्यावर विनोद करून चारचौघांत हशा घेतला.

दोन वर्षं केळव्याला जायचा धीर झाला नाही. यंदा दसऱ्याला गेलो. वाडीत भावाच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, कोणाचं गाणं, कोणाची पोरं रडत होती. दादा मागच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते. कानात अजून कापूस. इथं आवाज कसला, विचारलं तर बोलले, "पावण्यांचा."

मुलगी चहा घेऊन आली. पालघरला औषधनिर्माणाचं शिकते. चांगली उंच झाली आहे, पडवीच्या वाशाखाली मान वाकवून आली. माझ्या मुलीची चौकशी केली. मग वडिलांकडे बघून म्हणाली, "काका, ती काठी अजून हाय तुमच्याकडं? बाबांचं ते मोजमाप. अख्खा दिवस मी हंसासमोर रडत बसले होते, माहिताय? मी अजून बाबांना चिडवते." आणि हसत आत गेली.

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "दादा, मी सांगतो तिला. खाच दिसली मला. लांबी भरलेली."

त्यांनी सुपारी सोलता सोलता मान हलवली. "काय नको. चार्ज दिला, सही झाली. आता वहीत खाडाखोड नाय करायची."

"तुमी इतकी वर्षं ऐकून घेतलंत. मी बोललो ते पण."

"तू काय वाईट बोललास? काठीलाच बोललास."

मग मला राहवेना. आजवर मी कान त्यांच्या तोंडाशी न्यायचो, या वेळी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, जे बायकोला सांगितलेलं नाही ते. की त्या दसऱ्याला नारळ हातात घेऊन मी तिथं उभा होतो. की तुमचं बोट मी पाहिलं होतं. एकच बोट राहिलंय हे मला माहीत होतं, आणि तरी दुपारी मी दिवस मागितला. मला वाटलं होतं, हे ऐकून ते चमकतील, रागावतील, निदान हातातली सुपारी खाली ठेवतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माहिताय," ते बोलले. "तू बघितलंस ते मी बघितलं होतं. म्हणून तर निवांत होतो. मनात बोललो, यानं बघितलंय, आता हा मागणार नाय."

बाजूच्या खोलीतल्या पाहुण्यांनी कुणाला तरी हाक मारली. दादांनी टोपलीतली पुढची सुपारी उचलली.

"मग तू मागितलास."